नाव कोणाचं, पान कोणाचं?

बालमित्रांनो,

गेल्या महिन्यात रत्नागिरीहून एक जाडजूड पाकीट आलं. आत ड्रॉइंगच्या कागदावर चिकटलेलं एक हिरवंगार पान होतं. झाडाचं नव्हे हं, समुद्रातल्या शेवाळाचं! रिबिनीसारखं लांब, आणि कडेला झालरीसारख्या चुण्या. सोबत पत्र होतं. पाठवणारी आपली मैत्रीण आठवीत शिकते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिनं किनाऱ्यावरच्या शेवाळांचा तक्ता लावला होता. या पानाखाली तिनं पुस्तकात बघून 'उल्वा फॅसिएटा' असं नाव लिहिलं. परीक्षक आले. त्यांनी लाल पेनानं ते नाव खोडलं, वर 'उल्वा लॅक्ट्यूका' असं लिहिलं आणि दोन गुण कापले. ती बिचारी दोन रविवार ओहोटीच्या वेळी खडकांवर बसून, निरखून निरखून पाहून आली होती. आता तिचा प्रश्न एवढाच आहे : माझं चुकलं का?

उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण त्या ओळीवर तुमचा विश्वास बसला नसता! या दोन नावांचा घोळ समजून घ्यायचा तर रत्नागिरीच्या उन्हातून उठून पार उत्तरेकडच्या गारठलेल्या किनाऱ्यांवर जावं लागतं. तेव्हा स्वेटर घाला, कानटोपी चढवा आणि गमबूट शोधा. निघूया.

गारठलेल्या खडकांवर

हा आहे स्कॉटलंडचा पश्चिम किनारा. महिना मार्चचा. समुद्राच्या पाण्याचं तापमान जेमतेम सात-आठ अंश, म्हणजे फ्रीजमधल्या पाण्यासारखंच. पौर्णिमा झालेली आहे, त्यामुळे ओहोटी चांगली लांबवर गेली आहे आणि एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडले आहेत. पाय जपून टाका बरं का, इथं घसरायला वेळ लागत नाही.

खडकांवर शेवाळच शेवाळ. काही तपकिरी, काही लाल, काही हिरवं. विल्यम हार्वे या आयरिश शास्त्रज्ञानं १८३६ मध्ये समुद्री शेवाळांचे रंगावरूनच गट पाडले होते. तुम्ही म्हणाल, रंगावरून काय, कोणीही सांगेल! पण हार्वेची ही साधी वाटणी आजही बरीचशी उपयोगी पडते. कारण रंग म्हणजे नुसता रंग नसतो, तो त्या शेवाळाच्या स्वयंपाकघराचा पत्ता असतो. हिरव्या शेवाळात जे हरितद्रव्य असतं, तेच आपल्या अंगणातल्या तुळशीत असतं. दोघंही आपलं अन्न पिठूळ स्टार्चच्या रूपात साठवतात. म्हणून हिरवं शेवाळ तुळशीचं लांबचं का होईना, पण नातेवाईक आहे. शेजारच्या खडकावरचं तपकिरी शेवाळ मात्र अगदी वेगळ्या घराण्यातलं.

आज आपण फक्त हिरव्यांकडे बघायचं. आणि बघताना एकच प्रश्न विचारायचा : हे पान आहे, नळी आहे, दोरा आहे की स्पंज?

दोरा असेल तर : गडद हिरव्या रंगाचा, हाताला खरखरीत लागणारा झुपका दिसला आणि त्याच्या दोऱ्यांना फांद्याच फांद्या फुटलेल्या असल्या, तर ती क्लॅडोफोरा. फांद्या नाहीत, दोरा तारेसारखा ताठ आहे आणि डोळ्यांजवळ धरला तर माळेतल्या मण्यांसारखे कप्पे दिसतात, तर ती कीटोमॉर्फा. यातला एकेक मणी म्हणजे एकेक पेशी. नुसत्या डोळ्यांनी दिसणारी पेशी! दोन्ही बाजूंना बारीक फांद्या असलेलं नाजूक पीस दिसलं, तर ती ब्रायॉप्सिस.

स्पंज असेल तर : बोटाएवढ्या जाडीच्या, लुसलुशीत, फांद्या फुटलेल्या मखमली दोरखंडासारखं काही हाताला लागलं, तर ते कोडियम. याच्या आत पेशींच्या भिंतीच नाहीत. सगळं शेवाळ म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या नळ्यांची एकच मोठी पेशी आणि तिच्यात असंख्य केंद्रकं. भिंती न घातलेला वाडाच म्हणा ना!

खडकाच्या अगदी वरच्या टोकाला, जिथं समुद्रपक्षी बसतात आणि त्यांची शीट पडते, तिथं काही मिलिमीटर उंचीची इवली इवली हिरवी पानं दाटीनं उगवलेली दिसतील. ती प्रासिओला. तिला पक्ष्यांचं हे खत मानवतं.

आता उरले पान आणि नळी. खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

पान आणि नळी

डोंगरातून येणारा गोड्या पाण्याचा झरा जिथं किनाऱ्यावर उतरतो, तिथं हिरव्या नळ्यांचा गालिचा असतो. एक नळी उचला. आत हवा भरलेली, मधेच फुगलेली, मधेच दबलेली. दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकेच चोळली की दोन्ही भिंती एकमेकींवर सरकतात. हिचं नाव उल्वा इंटेस्टिनालिस. म्हणजे आतड्यासारखी उल्वा. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका, दिसते ती तशीच!

थोडं पुढं पाण्याच्या डबक्यात बघा. हातरुमालाएवढं, पातळ, चकचकीत हिरवं पान पसरलं आहे. सॅलडमध्ये घालतात त्या लेट्यूसच्या पानासारखं. हेसुद्धा उल्वाच. पण थांबा, अशीच दिसणारी आणखी एक जण आहे, मोनोस्ट्रोमा. ती थंडी सरता सरता उगवते. आधी पिशवीसारखी असते, मग ती पिशवी फाटून तिचं पान होतं. दोघींना शेजारी शेजारी ठेवलं तर कळेल का? हाताला मोनोस्ट्रोमा जास्त मऊ आणि बुळबुळीत लागते. पण पक्का निवाडा सूक्ष्मदर्शकच देतो. ब्लेडनं पानाचा बारीक काप घेऊन बघितलं, तर मोनोस्ट्रोमात पेशींचा एकच थर दिसतो आणि उल्वात दोन. जसा एकेरी पंचा आणि दुहेरी गोधडी!

लक्षात आलं ना? ओळखायचं कसं, तर आधी डोळ्यांनी, मग हातानं, मग भिंगानं. आणि ते कुठं उगवलंय, कोणत्या महिन्यात उगवलंय हेही लिहून ठेवायचं.

आता १७५३ सालात जाऊ. स्वीडनमध्ये कार्ल लिनियस नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. जगातल्या माहीत असलेल्या सगळ्या वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावं देण्याचा त्यानं सपाटाच लावला होता. पहिला शब्द आडनावासारखा, दुसरा स्वतःच्या नावासारखा. त्या वर्षी निघालेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्यानं पानासारख्या शेवाळाला 'उल्वा लॅक्ट्यूका' म्हटलं आणि नळीसारख्या शेवाळाला 'उल्वा इंटेस्टिनालिस'. लॅक्ट्यूका म्हणजे लॅटिनमध्ये लेट्यूस. दोघींचं आडनाव एकच, उल्वा.

पुढच्या लोकांना हे काही पटेना. नळी ती नळी, पान ते पान! एक पोकळ, एक चपटं. यांना एका घरात कसं ठेवायचं? म्हणून १८२० मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी नळ्यांना वेगळं आडनाव दिलं, 'एन्टेरोमॉर्फा'. ग्रीक भाषेत त्याचाही अर्थ 'आतड्याच्या आकाराची' असाच! पुढची जवळजवळ पावणेदोनशे वर्षं पाठ्यपुस्तकांत हीच वाटणी चालली. तुमच्यापैकी कोणाच्या आई-बाबांनी कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं असेल, तर विचारा. त्यांना एन्टेरोमॉर्फा आठवत असेल.

मग डीएनए वाचण्याचं तंत्र आलं. २००३ मध्ये हिलरी हेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पानांचा आणि नळ्यांचा डीएनए ताडून पाहिला. काय दिसलं? नळ्या एका बाजूला आणि पानं दुसऱ्या बाजूला, असं काही झालंच नाही. एखादी नळी दुसऱ्या नळीपेक्षा पानाच्याच जास्त जवळची निघाली. सगळ्या एकाच घरातल्या. त्यांच्या शोधनिबंधाच्या मथळ्यातच त्यांनी सांगून टाकलं की लिनियसचं आधीपासूनच बरोबर होतं. नळ्यांना त्यांचं जुनं आडनाव परत मिळालं.

आकाराचा एवढा भरवसा का धरू नये, याचं आणखी एक कारण ऐका. प्रयोगशाळेत उल्वाच्या अंगावरचे सगळे जीवाणू काढून टाकून तिला अगदी स्वच्छ पाण्यात वाढवलं, तर तिला धड आकारच येत नाही. पेशींचा नुसता ओबडधोबड गोळा होतो! मोनोस्ट्रोमाच्या पेशी तर सुट्या सुट्याच राहतात. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी एका जीवाणूनं तयार केलेलं द्रव्य वेगळं काढलं. त्याचा अगदी सूक्ष्म अंश मिळाला की त्या सुट्या पेशी पुन्हा पान विणू लागतात. म्हणजे पानाचा आकार एकट्या पानाचा नाहीच, त्यात शेजाऱ्यांचाही हात आहे.

साडीचा तुकडा

इथवर लिनियस जिंकला. पण गोष्ट संपलेली नाही.

आई ब्लाउजपीस आणायला जाते, तेव्हा काय करते? दुकानदाराला नुसतं 'मोरपंखी द्या' म्हणून भागत नाही. त्याचा मोरपंखी वेगळा, आपला वेगळा. म्हणून ती साडीचा एक तुकडा सोबत नेते. तुकडा ठेवून बघितला की वाद मिटला.

वनस्पतींच्या नावांचंही तसंच आहे. ज्या वाळवलेल्या नमुन्यावर एखादं नाव टांगलेलं असतं, तो नमुना जपून ठेवतात. नाव नेमकं कोणाचं, असा वाद झाला तर पुस्तकातलं वर्णन नव्हे, तो नमुना शेवटचा शब्द. लिनियसचा संग्रह आज लंडनच्या लिनियन सोसायटीत आहे. तिथं 'उल्वा लॅक्ट्यूका' या नावाचा तुकडा आहे, कागदावर वाळून बसलेला.

लिनियस स्वीडनचा. स्वीडन, नॉर्वे, स्कॉटलंडच्या किनाऱ्यांवर ते लेट्यूससारखं पान सगळीकडे. त्यामुळे सगळ्यांनी धरून चाललं की हेच ते उल्वा लॅक्ट्यूका. उत्तरेकडच्या पुस्तकांत तेच छापलं गेलं. आणि कबूल करतो, काही वर्षांपूर्वी एका शाळेत स्लाइड दाखवताना मीही स्कॉटलंडच्या त्या पानाकडे बोट दाखवून हेच नाव ठासून सांगितलं होतं.

२०१९ मध्ये जेफ्री ह्यूई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिनियसच्या त्या नमुन्याचा डीएनए वाचला. अडीचशेहून जास्त वर्षं वाळलेल्या पानातून! आणि तो जुळला कोणाशी? उत्तरेकडच्या पानाशी नाहीच. तो जुळला उष्ण समुद्रात वाढणाऱ्या 'उल्वा फॅसिएटा'शी. हे नाव इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या शेवाळावरून १८१३ मध्ये दिलं गेलं होतं. हीच उल्वा फॅसिएटा आपल्या कोकणातल्या खडकांवरही वाढते.

लिनियसच्या हाती ते पान आलं कसं? त्याचे विद्यार्थी आणि ओळखीचे खलाशी दूरदूरच्या समुद्रांवरून नमुने आणत असत. आणि लिनियस आपल्या नमुन्यांवर ते कुठून आले हे सहसा लिहीत नसे. एवढा मोठा माणूस, पण ही एक ओळ राहून जायची! त्या न लिहिलेल्या ओळीपायी सगळं जग २६६ वर्षं गोंधळात राहिलं.

आता नियम असा आहे की एकाच शेवाळाला दोन नावं पडली असतील, तर जुनं नाव टिकतं. १७५३ हे १८१३ च्या आधी आलं. म्हणून उल्वा फॅसिएटाचं आजचं नाव झालं उल्वा लॅक्ट्यूका. मग उत्तरेकडच्या पानाचं काय? ते बिननावाचं राहिलं का? नाही. रशियातल्या पोस्टेल्स आणि रुप्रेख्ट या दोघांनी १८४० मध्ये थंड समुद्रातल्या एका पानाला 'उल्वा फेनेस्ट्राटा' असं नाव दिलं होतं. फेनेस्ट्रा म्हणजे खिडकी. पानाला भोकं असतात ना, त्या खिडक्या! त्या नमुन्याचाही डीएनए वाचला गेला, आणि उत्तरेकडच्या पानाला हे नाव मिळालं. स्कॉटलंडच्या डबक्यात आपण पाहिलं, ते लेट्यूससारखं पान हेच. पान होतं तिथंच आहे. बदलली ती फक्त त्याच्यापुढची पाटी.

पाटी बदलली तर बिघडलं कुठं?

कोणी म्हणेल, शेवाळाला काय, काहीही म्हणा! तर मघाचं ते स्पंजासारखं कोडियम आठवा. ब्रिटन-आयर्लंडच्या किनाऱ्यांवर कोडियमची एक जात मूळचीच आहे. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात जपानकडच्या समुद्रातून आलेली पाहुणी आहे. ही पाहुणी शिंपल्यांवर पाय रोवते, तिच्यात हवेचे बुडबुडे साठतात आणि ती शिंपल्यासकट तरंगत निघून जाते. म्हणून कालवांची शेती करणारे लोक तिला कालवंचोर म्हणतात. नुसत्या डोळ्यांनी दोघी सारख्याच. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र गावातलीच्या नळ्यांची टोकं गोल आणि पाहुणीची टोकदार दिसतात. संग्रहालयांतले जुने नमुने डीएनएवरून तपासले, तेव्हा कळलं की ही पाहुणी कित्येक दशकं गावातलीच्या नावाखाली नोंदली जात होती. ती कधी आली हे कोणाला कळलंच नव्हतं. पण तेही कळलं कशामुळे? कोणीतरी, कधीतरी, एक ओला झुपका उचलून कागदावर वाळवून ठेवला होता म्हणून.

तर, रत्नागिरीच्या मैत्रिणी,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू लिहिलंस ते शेवाळाचं जुनं नाव आणि परीक्षकांनी लिहिलं ते आजचं. शेवाळ एकच! ओळखणं वेगळं आणि नाव वेगळं. ओळखायला डोळे लागतात, चिकाटी लागते. ती तू दाखवलीस. नाव नियमानं ठरतं, आणि नवा पुरावा आला की ते बदलतं. नुसतं पान बघून मी अगदी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, ते काम डीएनएचं. पण रिबिनीसारखा आकार, चुणीदार कडा आणि जागा, तिन्ही गोष्टी तू दिलेल्या नावाशी जुळतात.

आणि एक सांगू? मी तुझा कागद उलटून बघितला. मागे पेन्सिलीनं तारीख लिहिली आहे. गावाचं नाव लिहिलं आहे. 'ओहोटीच्या वेळी, मधल्या खडकावर' असंही लिहिलं आहे. लिनियसकडून जी ओळ राहून जायची, ती तू लिहिलीस. कापलेले दोन गुण काही मला परत देता येणार नाहीत. पण हा लेख तुझ्या बाईंना आणि त्या परीक्षकांना जरूर दाखव. भांडायला नव्हे हं, सांगायला. त्यांनाही मजा वाटेल.

करून पाहा

किनाऱ्यावर गेलात तर मोठ्या माणसांबरोबर आणि ओहोटीच्या वेळीच जा. भरतीची वेळ आधी विचारून घ्या. खडकावरचं शेवाळ उपटू नका, लाटांनी वाहून आलेलं ताजं शेवाळ पुरतं.

१. परातीत पाणी घेऊन त्यात शेवाळ तरंगत ठेवा.
२. जाड कागद पाण्याखालून सरकवा, शेवाळ बोटांनी पसरा आणि कागद हळूच उचला.
३. वर जुन्या मलमलीचा तुकडा ठेवा. वर-खाली रद्दीचे कागद आणि त्यावर जड पुस्तकं ठेवा.
४. रद्दी रोज बदला. चार-पाच दिवसांत शेवाळ आपल्याच चिकानं कागदाला चिकटतं, डिंक लागत नाही.
५. आणि सगळ्यात महत्त्वाचं : मागे तारीख, ठिकाण, नेमकी जागा आणि तुमचं नाव लिहा. शेवाळाचं नाव येत नसेल तर ती ओळ रिकामी सोडा. ती नंतरही भरता येते. ठिकाणाची ओळ मात्र नंतर भरता येत नाही.

आई-बाबांसाठी : घरात आठवडाभर थोडा खारट वास येईल. तेवढा सहन करावा, ही विनंती! आणि मुलांनी एखादं नाव चुकीचं सांगितलं, तर खोडण्याआधी एकदा 'तुला असं का वाटलं?' एवढं विचारून बघा.

शेवाळ वाळवलंत तर मला कळवा. पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमचा,
काका